पातेलं उलटं काहून ठेवायचं

जबलपूर, शनिवार, दुपारचे अडीच

तीर्थस्वरूप बेबीताईला धाकट्या शरूचा, कंबर जेवढी वाकते तेवढी वाकवून, नमस्कार. (फार वाकत नाही. काहून, ते पुढे येईलच.)

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची आपल्याकडे पद्धत आहे, पण ते वाक्य या वेळी मी मुद्दाम गाळलं. आणि तुझी तब्येत कशी आहे हे जे विचारून राहिलो, ते पद्धत म्हणून नाही. मागच्या महिन्यात तू म्हणाली होती की पोटात मुरडा येतो, तीन-तीन दिवस पोट साफ होत नाही, तोंडाला चव नाही. तू त्याला गॅस म्हणाली. अजून तसंच आहे का? बोटांना मुंग्या येतात का? जिना चढताना दम लागतो का? एकेका प्रश्नाचं वेगवेगळं उत्तर दे, "बरं आहे" असं एका दमात नको.

मंगळवारी फोनवर मी तुला सांगितलं की आईचं मोठं पितळी पातेलं आजपासून वापरू नको, उलटं करून वरच्या फळीवर ठेव. तू विचारलं, काहून? मी म्हटलं, दोष आहे. तू म्हटलं, माणसाला दोष असतो, पितळेला कोणता दोष? त्यावर आवाज येत नाही असं ओरडून मी फोन ठेवला. (आवाज येत होता.) तेव्हापासून तुझे सात फोन आले. ते मी घेतले नाहीत, काहून की तुझी समिधा सून म्हणून गुणाची आहे, पण फोन आला की स्पीकर लावते, आणि हे जे आहे ते स्पीकरवर सांगण्यासारखं नाही. म्हणून हे पत्र. शेजारचा गंधार उद्या सकाळच्या बसने नागपूरला येऊन राहिला आहे, तो दुपारी तुझ्या हातात देईल. पातेलं तू उलटं ठेवलं असेल अशी आशा आहे. ठेवलं नसेल तर हा कागद खाली ठेव, उठ, आधी ते कर, आणि मग पुढे वाच.

ठेवलं? चलो.

जानेवारीपासून माझंही पोट दुखून राहिलं. दुखणं म्हणजे असं की कोणी आतून कपडा पिळतो आहे. सोबत कंबर, सोबत हाताला कंप, आणि वजन सात किलोने खाली. पहिला डॉक्टर म्हणाला ॲसिडिटी. दुसरा म्हणाला वय. मीनाक्षी म्हणाली, रिटायर माणसाला काही काम नसलं की त्याचं पोट दुखतं. (लग्नाला अडतीस वर्षं झाली ताई, पण हिच्याकडून एकदा तरी "अरेरे" निघेल म्हणून मी अजून वाट पाहून राहिलो.) शेवटी एक तरुण डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी नाडी पाहिली नाही, पोट दाबलं नाही, ओठ खाली ओढून हिरड्या पाहिल्या. दातांच्या कडेला निळसर रेघ होती. मग विचारलं, काम काय करत होता? मी अभिमानाने सांगितलं की फॅक्टरीत इन्स्पेक्शनला, एकतीस वर्षं. लोकांनी बनवलेला माल मापायचा आणि केसाएवढा फरक निघाला तरी परत पाठवायचा. त्या म्हणाल्या, मग आता तुम्हाला मापू. रक्तातलं शिसं तपासून या.

(पावणेतीन. फोन शेजारीच ठेवला आहे. चार वाजता त्याच्यावर एक रिपोर्ट यायचा आहे. तो कोणाचा, ते लिहायला अजून हात उचलत नाही.)

ओमतीजवळच्या लॅबचा अनुपम म्हणून एक जण घरी रक्त घ्यायला आला. फार शिस्तीचा माणूस, आमच्या सेक्शनला शोभला असता. हात दोनदा पुसला, आणि नळीचं झाकण मला दाखवून म्हणाला, "अंकल जी, ढक्कन नीला होना चाहिए, ये देख लीजिए." साध्या नळीत, साध्या झाकणात कणभर धातू असतोच म्हणे, तो रक्तात मिसळला की आकडा खोटा. म्हणून या तपासणीची नळीच वेगळी. ती मग विमानाने मुंबईला जाते. (मी स्वतः आजवर विमानात बसलो नाही, माझं रक्त बसून आलं.) तिथल्या यंत्रात अशी काही आग आहे की रक्ताच्या थेंबाची वाफसुद्धा राहत नाही, आणि त्यातून शिसं मोजून वेगळं काढतात. पाच दिवसांनी आकडा आला. पाचच्या आत पाहिजे. माझा सेहेचाळीस. ताई, एवढा फरक असलेला नग माझ्या टेबलावर आला असता तर मी त्यावर लाल खूण करून भंगारात टाकला असता आणि बनवणाऱ्याला वर चार शब्द ऐकवले असते. इथे नग मीच.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता चोवीस तासांची लघवी. अनुपमने एक पांढरा प्लास्टिकचा कॅन दिला, तळाला थोडं ॲसिड. सकाळची पहिली सोडून द्यायची, तिथून दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंतची सगळी कॅनमध्ये. धातूचं भांडं मध्ये आणायचं नाही. एक वेळ जरी चुकली तरी सगळं पहिल्यापासून. मी घड्याळ लावून सुरू केलं, आणि साडेनऊला लक्षात आलं की आज इथल्या मराठी मंडळाची वार्षिक सभा आणि आभारप्रदर्शन माझ्याकडे. चोवीस तास म्हणजे चोवीस तास. कॅन साडीच्या दुकानाच्या पिशवीत घातला आणि गेलो. सभेत पिशवी पायाशी ठेवली तर शेजारी मंडळातले अण्णा, चौऱ्याऐंशीचे, पण नजर अजून साबूत. विचारलं, काय आणलं रे? इथे कोणाच्याही हातात कॅन दिसला की त्यात एकच गोष्ट असते, म्हणून तोंडातून निघून गेलं, नर्मदाजल. अण्णांनी ताबडतोब हात जोडले. तेवढ्यावर भागलं असतं, पण त्यांची धाकटी बहीण आजारी होती. त्यांनी आपली पाण्याची बाटली रिकामी केली आणि म्हणाले, दोन घोट यात घाल. ताई, मी तो कॅन दोन्ही हातांनी छातीशी धरला. अण्णा झाकणाकडे हात नेऊन राहिले, मी मागे सरकून राहिलो, समोर अध्यक्षांचं भाषण चालू. शेवटी ओरडलो, "घाटावर जा ना, तिथे काय कमी आहे काहो!" सगळी सभा वळून पाहू लागली. मग मी उठून आभार मानले, कॅन कडेवर घेऊन. आता इथल्या सगळ्या मराठी मंडळींत माझी ओळख अशी की शरच्चंद्र हा मरणाऱ्या माणसाला नर्मदेचं पाणी न देणारा. (अण्णांची बहीण बरी आहे. मी चौकशी केली.)

त्याचाही आकडा वाईटच आला. मग मी तपास सुरू केला, जसा फॅक्टरीत करत होतो. वही केली. कुठून येतं हे शिसं? फॅक्टरी सोडून सहा वर्षं झाली आणि मी तिथे मापपट्टीशिवाय कशाला हात लावत नव्हतो, म्हणून तिचं नाव वहीतून खोडलं. नळाचं पाणी, भिंतीचा रंग, हळद, तिखट, सगळ्यांवर खूण केली. सहाव्या नंबरावर मीनाक्षीचं कुंकू लिहिलं. ते तिने वाचलं. दोन दिवस माझ्या पानात वरण पातळ आलं, मीठ आलं नाही.

मग डॉक्टरीणबाईंनी एक सोपी गोष्ट सुचवली, जी माझ्या वहीला सुचली नव्हती. म्हणाल्या, घरच्या मोठ्या माणसांचं सगळ्यांचं रक्त तपासा. अनुपम निळी झाकणं घेऊन आला. मीनाक्षी तीन. प्रणोती, आमची सून, दोन. तुझा भाचा आल्हाद कुंडम गावच्या बँकेत रोज जातो-येतो, तो तीन. म्हणजे पाणी सुटलं, हळद सुटली, कुंकूसुद्धा निर्दोष सुटलं. (मी माफी मागितली. मीठ परत आलं.) बाई म्हणाल्या, मग घरी जाऊन शोधा, तुम्ही असं काय खाता जे हे खात नाहीत? त्या दिवशी संध्याकाळी सगळे जेवायला बसलो होतो. प्रणोतीने तोच प्रश्न विचारला. मी भात कालवून राहिलो होतो. तेवढ्यात दुर्वा, आमची पाच वर्षांची नात, ताटातून मान वर न करता म्हणाली, "आजोबा सार पितात. खट्टावालं. मी पण पिते."

ताई, तुला आईचं चिंचेचं सार माहीत आहे. मी रोज दुपारी ते त्याच छोट्या पातेल्यात करतो, जे आईने मला दिलं आणि मोठं तुला दिलं. दुर्वाला आंबट बंद आहे, तिच्या गळ्याला त्रास होतो, प्रणोतीने मला तीनदा बजावलं होतं. पण शनिवारी शाळा लवकर सुटते, घरात आम्ही दोघेच, ती वाटी पुढे करते, आणि मी आजोबा आहे. मीनाक्षीने स्वयंपाकघरातून ते पातेलं आणून मधोमध ठेवलं. आतून चकाचक. प्रणोती म्हणाली, बाबा, याला कल्हई कोणी केली? आणि मी सांगितलं की दिवाळीत कल्हईवाला आला होता, सायकलवर. तुलाही मी तेव्हा हेच सांगितलं होतं. तुला आठवतं, तुझ्या नागपुरात आता कल्हईवाला भेटत नाही म्हणून तू तुझं पातेलं इथे घेऊन आली होती, आणि तू आणि मीनाक्षी दिवसभर ग्वारीघाटाला गेल्या, आणि परत आल्या तर दोन्ही पातेली आरशासारखी. तू म्हणाली होती, असा कारागीर आता राहिला नाही रे शरू.

प्रणोतीने खोदून विचारलं, दिसायला कसा होता? मी म्हटलं, म्हातारा. पांढऱ्या मिशा. लाल गमछा. (विचारलं की तपशील सुचत जातात, हा माझा जुना दोष.)

दुसऱ्याच दिवशी तिने पातेलं पिशवीत घातलं आणि मला कमानिया गेटमागच्या भांड्यांच्या गल्लीत नेलं. दुकानदार म्हणाले, कल्हई करणारा आता एकच उरला, मुरलीधर. एका पायरीवर बसला होता. म्हातारा. पांढऱ्या मिशा. गळ्यात लाल गमछा. भिंतीला सायकल टेकवलेली. मी सांगितलेला माणूस जसाच्या तसा समोर बसून बिडी ओढत होता. त्याने पातेलं हातात घेतलं, आत नख घासलं आणि बोट वर धरलं. बोट काळं झालं होतं. म्हणाला, "ये कल्हई नहीं है बेटी. कल्हई हाथ काला नहीं करती. इसमें सीसा मिला है. ये मेरा काम नहीं." मग त्याने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या अंगठ्यावरच्या जुन्या डागाकडे, आणि विचारलं, "साहब, ये अंगूठा कैसे जला?" मी म्हटलं, चहाच्या भांड्यानं. (ते वेगळं आहे.) प्रणोती म्हणाली, बाबा, नीट पाहा, हाच का तो? एकतीस वर्षं मी पास की नापास एका फटक्यात सांगितलं. त्या दिवशी म्हटलं, तसाच दिसतो. म्हाताऱ्याने गमछ्याने बोट पुसलं आणि पातेलं परत दिलं. प्रणोतीने त्याचा फोटो काढला. ती सोमवारी अकरा वाजता ओमतीच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला जाणार आहे.

आणि आता तो रिपोर्ट. दुर्वाचा आहे. तिचं रक्त आधी घेतलं ते नळीत गोठलं. मुंबईहून निरोप आला, पुन्हा पाठवा. पुन्हा सुई. मी तिला धरून बसलो होतो, आणि ती रडता रडता मलाच म्हणाली, आजोबा, आप मत रोओ. लहान मुलांच्या डोक्यावर हे शिसं बसतं ताई, अभ्यासावर, बोलण्यावर, आणि बसलं की उठत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आहे. कालपासून मी तिला पाढे विचारून राहिलो. दोनाचा पाढा ती सोळापर्यंत नीट म्हणते, पुढे चुकते. आधीही चुकत होती का, ते मला आठवत नाही आणि प्रणोतीला विचारायची हिंमत नाही.

(फोन वाजला. रिचार्ज संपत आल्याचा मेसेज.)

चार वाजून गेले. भाऊजींना नमस्कार सांग. समिधाला आशीर्वाद. पातेल्याची काळजी घे, म्हणजे घेऊ नको, नुसतं उलटं ठेव.

तुझा, 
शरू

तां. क. चार वाजून वीस मिनिटांनी आला. दुर्वा, नऊ. पाचच्या आत पाहिजे होता. डॉक्टरीणबाईंना लगेच फोन केला. म्हणाल्या, औषध लागणार नाही, ते भांडं बंद झालं आहे, दूध-पालेभाजी-गूळ द्या, महिन्याने परत तपासू, उतरेल. मी विचारलं, नक्की? त्या म्हणाल्या, उतरायला पाहिजे. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडलो ताई, आणि तोंड धुऊन आलो. तुझ्यापाशी लपवून काय करू.

तां. क. दुसरं. कल्हईवाला नव्हता. सायकल नव्हती, गमछा नव्हता. तुम्ही घाटावर गेल्या, आणि त्या दिवशी मला वाटलं की कल्हई म्हणजे असं काय मोठं आहे. नवसागर आणि कथील, बस. नवसागर पंसाऱ्याच्या दुकानात मिळाला. कथील मिळालं नाही. माझ्या हत्यारांच्या पेटीत रेडिओचे टाके मारायच्या सोल्डरच्या तारेचं रीळ होतं, तेच वितळवून दोन्ही पातेल्यांत कापसाने फिरवलं. अंगठा तेव्हाच जळला. रिळावर छापलं आहे, साठ-चाळीस. साठ कथील आणि चाळीस शिसं. मी वाचलं नाही असं लिहिणार होतो, पण वाचलं होतं. माल मापायची नोकरी केलेल्या माणसाला वाटलं, एवढ्याशानं काय होतं. तुला तेव्हाच सांगितलं असतं, पण मागे तुझा मिक्सर दुरुस्त केला आणि चटणी छताला लागली, तेव्हापासून तू मला कशाला हात लावू देत नाही. आणि मग तू त्या कारागिराची इतकी तारीफ केली की मला ती ऐकावीशी वाटली. तर विनंती अशी. सोमवारी अकराच्या आत इथे फोन कर आणि प्रणोतीला तू सांग. तू मोठी आहे, तुझं ती ऐकून घेते. त्या दिवशी समिधाला म्हणावं, स्पीकर लाव. माझ्या तोंडून निघत नाही, आणि त्या म्हाताऱ्याला ठाण्यात बसवलेलं मला पाहवणार नाही.

तां. क. तिसरं. सोमवारचा फोन करू नको. आत्ता मीनाक्षी चहा घेऊन आली. बशीत बिस्किटाच्या जागी ते रीळ होतं. दुर्वा जेवताना बोलली त्याच दिवशी तिला ते पेटीत सापडलं म्हणे, आणि तेव्हापासून ती पाहून राहिली होती की हा माणूस कधी बोलतो. मी विचारलं, आणि सोमवारपर्यंत बोललोच नसतो तर? म्हणाली, साडेदहापर्यंत थांबणार होते. मग मी उठलो. प्रणोती दुर्वाची वेणी घालून राहिली होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, साठ-चाळीससकट. तिचे हात थांबले. मला वाटलं आता ऐकवेल, आणि ऐकवलं असतं तर बरं झालं असतं. तिने वेणी पुरी केली, रिबीन बांधली, फोनमधला तो फोटो काढून टाकला आणि म्हणाली, उद्या सकाळी तुम्ही मुरलीधरकाकांकडे जा, एकटेच जा, आणि त्यांच्यासमोर नीट बोला. दुर्वाने विचारलं, वो डांटेंगे क्या? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, मी येऊ? तिला नाही म्हणताना फार जड गेलं. कोणी माफ केलं असं नाही, पण चहा मात्र गरम होता.

तां. क. शेवटचं, आणि याच्यासाठीच हे सगळं पत्र. माझं पातेलं छोटं होतं आणि त्यात फक्त सार होत होतं. तुझं मोठं आहे, आणि तू त्यात अंबाडी, कढी, वरण, सगळं करते, दिवाळीपासून, रोज. मी अनुपमला सांगून नागपूरच्या त्यांच्या लॅबचा माणूस तुझ्याकडे मंगळवारी सकाळी नऊला बोलावला आहे. भाऊजींचं आणि समिधाचंही रक्त तो घेईल. त्याला परत पाठवू नको, उपास आहे म्हणू नको, मला काही झालं नाही म्हणू नको. नळीचं झाकण निळं आहे का ते स्वतः पाहून घे. पाच दिवसांनी आकडा येईल, तो कितीही असो, आधी मला फोन कर. या वेळी मी पहिल्याच रिंगला उचलतो.